बुटातला कापूस

मंगळवार, संध्याकाळ

शी! स्वतःचीच किळस येतेय.

बूट विकणाऱ्या वेबसाइटसाठी गोल्फवर लेख हवा होता. नाशिकमध्ये वाढलो, पण गोल्फचा दांडा कधी हातात धरलेला नाही. म्हणून सकाळी गोल्फ कोर्सवर जाऊन तिथल्या कॅडीला, सुकदेवकाकांना गाठलं. ते साहेबांच्या बॅगा वाहतात आणि त्यांचे फटकेही सुधारतात. म्हणाले, "नुसत्या हातानं नको मारू भाऊ. आधी कंबर वळू दे."

"आणि आरामदायी बूट कसे निवडायचे?"

काका हसले. "आपण कुठं निवडतो? साहेब टाकून देतात ते घालायचे. हा नऊ नंबरचा हाय, माझा पाय सात. पुढं कापूस कोंबला का झालं."

सगळं लिहिलं, काकांच्या नावासकट. दुपारी वेबसाइटच्या मॅडमचा फोन. "कॅडी नको रे, गिऱ्हाईक पळेल. ती कंबरेची टिप क्लबच्या एखाद्या मेंबरच्या तोंडी घाल. आणि तो कापूस काढ, ई!"

भांडलो? नाही. "हो मॅडम." एक खोटा साहेब बनवला, काकांची कंबर त्याला दिली. वर लिहिलं, बोटांपुढे थोडी मोकळी जागा हवी.

मोकळी जागा! तिथे कापूस आहे, हरामखोरा.

निघताना काका म्हणाले होते, "छापून आलं का दाखवशील ना? नातीकडून वाचून घेईन."

कोर्सच्या रस्त्याने आता जायचं नाही, हेही ठरवून झालंय माझं.