आरशावरची टिकली

आई, चष्मा नीट बसत नाही म्हणून अक्षर वाकडं येतंय. तू तसंही माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणायचीस, तेव्हा फार काही बिघडणार नाही. दोन भुवयांच्या मध्ये, जरा वर, जिथे टिकली लावतात नेमकं तिथून माझ्या कपाळाचा एक तुकडा कापून काढलाय आणि तिथे कानामागची कातडी आणून शिवलीय. कॅन्सर होता. हा शब्द लिहिताना हात थांबेल असं वाटलं होतं, पण नाही थांबला. गेले काही महिने मला कशानंच काही होत नाही. डॉक्टर म्हणतात, कपाळाचा तेवढा भाग बरेच दिवस बधिर राहील, बारीक नसा कापल्या जातात. मी मान हलवली. त्यांना कसं सांगणार की ते बधिरपण पार पायापर्यंत गेलंय.

सुरुवात कधी झाली ते मला धड सांगताही येणार नाही. टिकलीखाली एक काळा ठिपका आला होता, मोहरीएवढा. मला वाटलं, टिकलीच्या गोंदाचं असेल, आपल्यातल्या निम्म्या बायकांच्या कपाळाला तो डाग असतोच. मी टिकली बदलली, दुसऱ्या कंपनीची घेतली, रात्री खोबरेल लावलं. ठिपका वाढला, कधी खपली धरायचा, कधी टिकली काढताना रक्त यायचं. मग मी टिकली मोठी केली. ठिपका वाढला की टिकली वाढायची. शेवटी शेवटी तर मी देवीच्या जत्रेला निघाल्यासारखी दिसत होते. आणि मजा बघ, सगळ्यांना आवडलं. ऑफिसात मुली म्हणायच्या, मॅम, तुम्हाला मोठी टिकली काय मस्त दिसते. मी थँक्यू म्हणायचे.

ऐरोलीच्या या ऑफिसात आम्ही तिघी एकत्र डबा खातो. विम्याचे क्लेम तपासायचं काम, दिवसभर स्क्रीन, आणि दुपारी अर्धा तास आम्ही. एक घणसोली गावातली, आगरी. तिला हळू बोलणं माहीतच नाही. दुसरी सोलापूरची, ती बोलतच नाही, तुझ्यासारखी नुसती वाढत राहते. तू यांना कधी पाहिलं नाहीस. आपण घणसोलीची खोली सोडून इथे फ्लॅटमध्ये आलो, तू गेलीस, मग बाबा गेले, त्यानंतर कधीतरी या दोघी आल्या. मी लग्न केलं नाही म्हणून तू शेवटपर्यंत घोर लावून घेतलास, "तुझं पुढे कोण बघणार" म्हणायचीस.

एकदा मी बाथरूममध्ये तोंड धुवायला टिकली काढून आरशावर लावली होती. घणसोलीवाली मागून आली. आरशातच तिनं माझं कपाळ पाहिलं आणि नळ बंद केला. म्हणाली, "ये काय हाय?" मी म्हटलं, ॲलर्जी. तिनं आरशावरची टिकली काढून उलटी केली. मागच्या बाजूला सुकलेलं रक्त होतं. "ॲलर्जीला रगत येतं? काय येरी हायस काय गो तू?" मी म्हटलं, बघू नंतर. ती म्हणाली, "नंतर नाय. आत्ता." तिनं सोलापूरवालीला बोलावलं, त्या दोघींनी माझी पर्स उचलली, आणि मी त्यांच्या मधोमध चालत जाऊन रिक्षात बसले. ऑफिसात काय सांगितलं ते मला आजतागायत माहीत नाही.

ठिपक्याचा छोटा तुकडा तपासायला गेला, उत्तर आलं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, कातडीचा कॅन्सर आहे, पण त्यातल्या त्यात बरा. सहसा दुसरीकडे पसरत नाही, मात्र जागच्या जागी खात जातो, म्हणून मुळासकट काढायला हवा, उशीर बराच झालाय. काढल्यावर तुकड्याच्या कडा तपासायच्या. कडा साफ निघाल्या तर सुटलात, नाही तर आणखी खोल जावं लागेल, खाली हाड आहे आणि बाजूला डोळे. मी विचारलं, टिकलीमुळे झालं का? ते म्हणाले, नाही. ऊन, वय, नशीब, काहीही म्हणा, टिकलीनं होत नाही. मी पुन्हा विचारलं, लहानपणापासून टिकल्यांच्या गोंदात हात असला तर? सोलापूरवालीनं टेबलाखालून माझा हात धरला. डॉक्टर पुन्हा नाही म्हणाले.

तुझ्यासाठी विचारत होते. तू असतीस तर हे आपल्यामुळेच झालं असं धरून बसली असतीस. घणसोलीच्या त्या खोलीत ओट्याखाली मजुरीवर आणलेल्या टिकल्यांची पिशवी असते, दुपारची भांडी झाली की तू ती ओढतेस आणि भिंतीला पाठ लावून पाय पसरतेस. मोठ्या कागदावरची एकेक टिकली नखानं उचलायची आणि छापील पाकिटावर ओळीत चिकटवायची. कुकर, भात, गोंदाचा वास, सगळं एकाच खोलीत. मी शाळेतून आले की तुझ्यासमोर बसते, लाल माझ्याकडे, हिरव्या तुझ्याकडे. एकदा मी मखमली टिकल्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर लावून लोखंडी कपाटाच्या आरशासमोर नाचत होते. तू उठलीस आणि पाठीत धपाटा घातलास. "लोकांचा माल आहे तो. तुझ्या बापाचा नाही." मग माझ्या तोंडावरच्या त्या टिकल्या एकेक करून काढल्यास, फुंकर मारलीस आणि परत पाकिटावर लावल्यास. कुठल्या तरी बाईनं माझ्या गालावरची टिकली कपाळाला लावली असणार, याचं मला तेव्हा फार हसू यायचं.

मला नोकरी लागली त्या दिवशी तू टिकल्यांचं पाकीट आणलंस. दुकानातून, विकत. मरून रंगाच्या, बारीक. मी म्हटलं, अगं, ही कदाचित तूच चिकटवली असशील. तू म्हणालीस, "असेना. चिकटवताना ती आपली नव्हती." त्या पाकिटातल्या निम्म्या तू लावल्यास, निम्म्या मी, आणि नंतर आपण तोच रंग आणत राहिलो. शेवटच्या वेळी हॉस्पिटलला निघताना तू कपाळावरची टिकली काढलीस आणि कपाटाच्या आरशावर लावलीस. "तिथे कुठे पडली तर. आल्यावर लावते," म्हणालीस. तू आली नाहीस. ती टिकली तिथेच राहिली. तू बुटकी, म्हणून आरशात ती माझ्या हनुवटीशी यायची. रंग उडून पार तपकिरी झाली होती. इतकी वर्षं आरसा पुसताना मी तिच्याभोवतीनं फडकं फिरवत आले. कुणाला सांगितलं नाही, त्यात सांगण्यासारखं काय आहे?

ऑपरेशनच्या आधी आम्ही तिघी शेवटचा डबा खात होतो, तेव्हा सोलापूरवाली म्हणाली, "हापिसातल्या पोरी म्हन्त्यात, आपरेशनच्या दिवशी सगळ्यांनी टिकली न लावता यायचं. तुला बरं वाटंल म्हनून." मी काही बोलायच्या आत घणसोलीवालीनं हात झटकला. "मला नाय जमनार. बिनटिकलीची घरान गेली ना, तं सासू पयलं माज्या नवऱ्याचा श्वास बघंल." सोलापूरवालीला ठसका लागला. मीही हसले, म्हणजे तोंड हसलं. घरी जाऊन बॅग भरली, गॅस बंद केला, घराची किल्ली घणसोलीवालीला दिली, आणि हे सगळं शेजारच्या बाईचं चाललंय आणि मी मदतीला आलेय असं वाटत होतं.

हॉस्पिटलात विचारलं, सोबत कोण? सोलापूरवाली म्हणाली, "मी. बहीन हाय." तिचं आणि माझं आडनाव, रंग, उंची, काहीच जुळत नाही. विचारणाऱ्या मुलीनं आमच्या दोघींकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मला पूर्ण झोपवलं नव्हतं. कपाळात सुया टोचल्या, त्या तेवढ्या लागल्या, मग नाही. डोळ्यांवर कापड होतं. ओढल्याचं कळत होतं, दुखल्याचं नाही. डॉक्टर आणि सिस्टर कुठल्या तरी सोसायटीच्या पार्किंगबद्दल बोलत होते. मी तुझा चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि मला नुसते तुझे हात आठवले, नखानं टिकली उचलणारे. बाहेर आले तेव्हा सोलापूरवाली बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. "जेव की," म्हणाली. तिला मी म्हटलं, कडांचं अजून कळायचंय. "कळंल की. आधी जेव." तिनं भाकरी कुस्करून दुधात भिजवून आणली होती, कारण चावताना कपाळ ओढलं जाईल हे तिच्या डोक्यात आलं होतं. माझ्या आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी आणलं. दार उघडल्यावर फिनेलचा वास आला. घणसोलीवालीनं घर लख्ख केलं होतं, पंखेसुद्धा. ओट्यावर तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या. पलंगावरची चादर नवी, तिच्या घरची, मोठ्या फुलांची. मला पलंगावर बसवलं, पाठीशी उशी दिली. समोर कपाट. आरसा असा स्वच्छ की खोली दुप्पट वाटत होती. त्यात मी दिसले, कपाळावर कापसाचा गठ्ठा, आणि तुझ्या टिकलीच्या जागी काहीच नव्हतं.

मी विचारलं, आरसा पुसलास? "मंग? किती टिकल्या चिकटवून ठेवल्यास गो! तुज्या त्या मोठ्या निंगाल्या लगेच. खालची एक बारकी होती, ती निंगतच नव्हती. शेवटी नखान खरवरली." तिनं नखही दाखवलं. मी म्हटलं, बरं केलंस. छान दिसतोय. आणि मग आई, मला रडू फुटलं. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं तेव्हा नाही, सुई टोचली तेव्हा नाही, कापसाचा गठ्ठा पहिल्यांदा पाहिला तेव्हा नाही. तोंड उघडं टाकून, नाक गळत, बाजारात हरवलेल्या पोरीसारखी रडले. घणसोलीवाली शेजारी बसली आणि मला गच्च धरलं. "घाबरलीस ना गो? तं घाबर की. कोन काय बोलनार हाय तुला? आमी हाव." सोलापूरवाली टिश्यूचा डबा घेऊन समोर उभी. "रड, पन मान वर कर. पट्टी भिजंल बग." मी मान वर करून रडत राहिले. मनात म्हणत होते, या दोघींना काही कळलेलं नाही. त्यांना वाटतंय कॅन्सरला रडतेय, आणि मी तर टिकलीला रडतेय. पण त्यांनी मला सोडलं नाही, आणि मी त्यांचा गैरसमज काढला नाही. घणसोलीवालीच्या ड्रेसला मच्छीचा आणि साबणाचा वास येत होता. खूप दिवसांनी मला कसला तरी वास आला.

त्यानंतर रोज कुणीतरी येतंय. सोलापूरवाली सकाळी ऑफिसला जाताना डबा ठेवून जाते, घणसोलीवाली येताना तिच्या सासूच्या तक्रारी घेऊन येते. टाके काढायला दोघीही आल्या. शिवलेली कातडी धरलीय, असं डॉक्टर म्हणाले, रंग मात्र कपाळापेक्षा जरा वेगळाच राहील. घणसोलीवालीनं जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाली, "आता टिकलीची गरजच नाय, आयती हाय." सोलापूरवालीनं तिला चापट मारली. मी हसले, आणि या वेळी कपाळ ओढलं गेलं ते मला थोडं कळलं.

आज रिपोर्ट आला. कडा साफ आहेत. दर काही महिन्यांनी दाखवायला जायचं, उन्हात टोपी घालायची. मी दोघींना फोन केला. सोलापूरवाली फक्त "बरं" म्हणाली. घणसोलीवालीनं ऑफिसात ओरडून सांगितलं असणार, कारण मागून टाळ्या ऐकू आल्या. नंतर घरात शांत झालं, आणि मी हा कागद घेतला.

टिकलीबद्दल सांगायला घेतला होता. तू ठेवून गेलेली शेवटची खूण कुणी तरी खरवडून टाकली, आणि मी तुझ्यासाठी किती रडले, हे तुला कळवावं असं वाटलं. इतके दिवस मी स्वतःला तसंच सांगत होते, आणि ते सांगताना मला बरंही वाटत होतं. आईसाठी रडणारी लेक, त्यात वाईट काय आहे? आता लिहून झाल्यावर कपाटासमोर जाऊन उभी राहिले. आरसा कोरा आहे. त्यात हनुवटीशी बघितलं, आणि खरं सांगू, फार काही वाटलं नाही. टिकली गेली तर गेली. तू काही तिच्यात नव्हतीस. हे पत्र कुठे जायचं नाही, घडी घालून साड्यांखाली ठेवते, म्हणून लिहिते. त्या दिवशी मी तुझ्यासाठी रडले नव्हते, आई. तू टिकली काढून गेलीस आणि परत आली नाहीस, आणि मला वाटलं होतं की मीही येणार नाही. घणसोलीवालीनं पहिल्या झटक्यात ओळखलं होतं. मी घाबरले होते.