आधी जुन्या प्रती

सोमवार, ३
उतारवयात पुन्हा नोकरी लागली. लोकांची जुनी छायाचित्रं, जुने आवाज संगणकात जपणारी कचेरी; लेकीने शब्द टाकला. रोज संध्याकाळी तीच न्यायला येणार. शाळा सुटल्यासारखं वाटेल.

प्रमुख बाईंनी हजेरीसाठी माझा चेहरा, अंगठा आणि आवाज साठ्यात घेतला. आवाजासाठी मी चौथीतली कविता सुरू केली. आजोबा, पुरे, यंत्राला झोप येईल, म्हणाल्या.

काम गोड आहे. याच साठ्याचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाच्या हुबेहूब प्रती, किती वेळाने घ्यायच्या आणि कधीपर्यंत ठेवायच्या, ते ठरवायचं. मी लिहून दिलं: दर तासाला घ्या, एकही पुसू नका. गेलेला तास जपता येत असेल तर कोण सोडेल? बाई म्हणाल्या, तुमच्या घरात पाय ठेवायला जागा नसणार. नाहीच.

बुधवार, ५
कचेरीतल्या बेसिनपाशी पेल्यात माझी कवळी. माझी तर तोंडात होती. पाण्यावर पिवळट साय, दातांत सकाळचा घास. कुणाची थट्टा असेल म्हणून ओतून टाकली. तासाभराने दुसरा पेला.

गुरुवार, ६
पेल्यांची रांग. दाढेचा टवका प्रत्येकीत तोच, माझा. शेवटच्या पेल्यातलं पाणी शेंबडासारखं लोंबतंय. त्यात काहीतरी गुलाबी, मऊ —

शुक्रवार, ७
यंत्रांच्या खोलीत गेलो. आत मीच. कितीतरी मी. ओल्या पापुद्र्यांसारखे एकमेकांना चिकटलेले, एकाची लाळ दुसऱ्याच्या कानात. सगळे तीच कविता पुटपुटत होते. किती आवडायची मला. दारातच ओकलो.

बाईंना आत फक्त यंत्रं दिसली. मी म्हटलं, ताजी प्रत तेवढी ठेवा, बाकी सगळं पुसा. नियम लिहून सही केली. उद्यापासून लागू, सर्वांत जुनं आधी जाईल, म्हणाल्या. जाऊ दे म्हटलं.

शनिवार, ८
नखं गळाली. आत डोकावलो — ते सगळे तसेच. मग आधी कोण — सर्वांत जुना तर मी —

माझ्या खुर्चीत ताजा बसलाय. बाईंनी त्यालाच चहा दिला. मी हाक मारली. तोंडातून आवाजाऐवजी जीभ आली, टेबलावर पडली — घट्ट, आंबूस —

लेक आली. नाकाला रुमाल लावून म्हणाली, कसला हो हा घाण वास. बाई म्हणाल्या, उंदीर मेला असेल कुठेतरी. तिने माझ्याकडे पाहिलं — माझ्यातून पाहिलं —

त्याने तिची पिशवी घेतली. चल गं बाळे, म्हणाला. तिने त्याचा हात धरला —

हाक मारायला हवी. तिचं नाव मीच ठेवलंय, मोठ्या हौसेने. ते काय —