एक जानेवारी ऐंशीची हजेरी

सर, तुमचं मशीन सध्या माझ्या घरी आहे. क्लासमधलं तेच, आम्हा अकरा जणांत मिळून एक असलेलं. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली आणि एवढ्या काळात मी तुमच्या नावानं एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण जे घडलं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो हसेल किंवा एकदम गप्प होईल, आणि मला दोन्ही नको आहे.

मी परभणीतच एका कार्यालयात कारकून आहे. सुट्टीच्या दिवशी जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हा छंद कसा लागला हे तुम्हाला सांगायला नको. आमच्यासारख्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. कुणी कोल्हापूरचा, कुणी नाशिकचा, बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. एकाकडं जास्तीचा कीबोर्ड असतो, दुसऱ्याला तोच हवा असतो, मग वस्तूच्या बदल्यात वस्तू जाते. शब्द दिला की पाळायचा, एवढा एकच नियम. मार्चमध्ये स्टेशनजवळच्या भंगारवाल्याचा फोन आला. "साहेब, पुराना कॉम्प्युटर आलाय. लय वजनदार हाय. फोडू का ठेवू?" मी म्हणालो, ठेव. न बघताच ग्रुपवर लिहून टाकलं की असं असं मशीन मिळतंय. नाशिकच्या माणसानं लगेच त्याच्याकडच्या एका दुर्मिळ मशीनशी अदलाबदल ठरवली. मी शब्द दिला.

घरी आणून मागची बाजू पुसली तेव्हा माझे हात थांबले. झाकणाच्या पाच स्क्रूंपैकी चार काळे आणि एक पितळेचा. तो पितळेचा नंतर तुम्हीच बसवला असणार, कारण त्या जागेचा मूळचा मी हरवला होता.

सर, तुमची ती पुढची खोली मला अजून दिसते. सकाळचे सात वाजलेत, दाराबाहेर अकरा जोड चपला आहेत, आतून काकूंच्या फोडणीचा वास येतोय. तुम्ही मशीन चालू करताय आणि ते पहिल्यांदा तारीख विचारतंय. तारीख टाकली नाही, नुसतं बटण दाबून पुढं गेलं, की ते स्वतःच ठरवून टाकायचं, आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. तुम्ही म्हणायचात, "ह्याला कालचं काही आठवत नसतंय. रोज सकाळी सांगावं लागतं." मग तुम्ही लिहिलेला हजेरीचा प्रोग्राम चालू व्हायचा. इंग्रजी अक्षरांत मराठी. "नाव?" विचारायचा. ओळखीचं नाव टाकलं की "ये. बस." आणि तीन वेळा टुणटुण वाजायचं. अनोळखी असलं की नुसतं "तू कोण?"

एकदा तुम्ही बाहेर गेलेले असताना मी झाकण उघडलं. आत काय आहे ते बघायचं होतं, बाकी काही नाही. परत बसवताना एक स्क्रू आत पडला आणि सापडला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही बटण दाबलं आणि आतून धूर आला. तुम्ही ओरडला नाहीत. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुणी उघडलं होतं हे?" कुणी बोललं नाही. मीही नाही. दोनदा विचारलंत. मग माझ्याकडं बघून म्हणालात, "मोडलं त्याचं दुःख न्हाई मला. पण विचारल्यावर गप्प बसणारं पोरगं माझ्या खोलीत नको. उद्यापासून येऊ नकोस." मी चपला घातल्या आणि निघालो. पुढं शिकायला पुण्याला गेलो. तुम्ही गेल्याचं तिथं कळलं, तेव्हा परीक्षेचं कारण सांगून आलो नाही. परीक्षा नव्हती.

मशीनच्या आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, पालीच्या अंड्यांची टरफलं होती. वीज घेणारा भाग खोलून नवीन सुटे भाग जोडले. हार्ड डिस्क मात्र फिरेना. वर्षानुवर्षं बंद राहिली की ती आतून चिकटून बसते. एप्रिल सुरू झाला होता. मी ती फडक्यात गुंडाळून तासभर गच्चीवरच्या उन्हात ठेवली. आपलं ऊन कशाला नाही सोडवत? दुपारी दोनच्या सुमारास पुन्हा जोडली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आधी बारीक कण्हल्यासारखा आवाज आला, मग तो चढत चढत शिट्टीवर गेला, आणि हिरव्या पडद्यावर अक्षरं उमटली. तारीख विचारली. मी घाईत नुसतं बटण दाबलं. मग, सर, त्यानं विचारलं, "नाव?"

आधी माझ्या मुलीचं नाव टाकलं. "तू कोण?" मग माझं. मला वाटलं होतं, तुम्ही मला काढलंत तेव्हा यादीतूनही काढलं असेल. पडद्यावर आलं, "ये. बस." तीन वेळा टुणटुण वाजलं. आतल्या खोलीतून बायकोनं विचारलं, "कोण आलंय हो?"

मग मी हजेरीची फाइल उघडली. प्रत्येक नाव, ओळखीचं असो वा नसो, त्यात तारखेसह उतरत होतं. सुरुवातीला अकराच्या अकरा नावं. मला काढल्यावर मशीन दुरुस्त होऊन आलं त्या दिवशीही माझं नाव होतं. दुसऱ्या दिवशीही. बाकीच्यांचे क्लास संपले, त्यांची नावं थांबली, नवीन पोरं आली, तीही गेली. माझं नाव रोज. मी पुण्यात होतो त्या तारखांना, माझ्या परीक्षांच्या तारखांना, मी इथं हजर. तुम्ही गेलात त्या आठवड्यापर्यंत तारखा बरोबर होत्या. त्यानंतर माझंच नाव, आणि समोर एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. पुढच्या ओळीत तेच. त्याच्या पुढच्या ओळीत तेच. मी खाली सरकत राहिलो, पडद्यामागून पडदा, तरी यादी संपेना. मी जन्मलोही नव्हतो अशा एका दिवशी मी शेकडो वेळा येऊन बसलो होतो. सगळ्यात खाली मी आत्ताच टाकलेली मुलीची आणि माझी नोंद होती. त्याच्या वरच्या ओळीत मात्र माझं नाव नव्हतं. तुमचं होतं. एकदाच. तारीख तीच.

भंगारवाल्याला विचारलं तेव्हा कळलं, मशीन ताडकळसहून आलं. काकू आता तिथं पुतण्याकडं राहतात. रविवारी मोटरसायकल काढली. काकू ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. आश्चर्य वगैरे काही नाही, जणू मी कालच येऊन गेलो होतो.

"आलास का," म्हणाल्या. "लय दिवस लावलेस."

मी फाइलचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे रोज टाकायचे तुझं नाव. मी म्हणायची, पोरगं तर येईना, कुणाची हजेरी लावायलात? तर म्हणायचे, पोराला जास्त बोललो मी. त्याची जागा धरून ठेवली पाहिजे." मग म्हणाल्या, "हे गेले, मग मी दाबायला लागले. मला कुठं येतंय त्यातलं. तारखेला नुसतं बटण दाबायची. तुझी चार अक्षरं यांनी मला दाखवून ठेवली होती, तेवढीच येत होती. ते 'ये, बस' म्हणायचं ना. घरात दुसरं कोण म्हणणार मला?"

तेव्हा मी बोललो, सर. ओसरीवर, पुतण्याच्या बायकोसमोर. म्हणालो, काकू, ते झाकण मी उघडलं होतं. त्या म्हणाल्या, "ते यांना तवाच कळलं होतं. तुझ्या बोटाला खरचटलं होतं." एवढंच. आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

निघताना मी तुमच्या नावाच्या त्या ओळीचं विचारलं. "शेवटी तुम्ही सरांचं नाव टाकलं होतं का?" काकूंचा हात थांबला. "मी? यांचं नाव?" त्या म्हणाल्या. "अरे, पन्नास वर्षांत उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं न्हाई. बोटानं कसं काढीन?" पुतण्या म्हणाला, मशीन इथं आणल्यापासून कोठीत होतं, वायरसुद्धा कुणी जोडली नाही. मी म्हणालो, मग जुन्या घरातच कुणीतरी टाकलं असेल. काकू म्हणाल्या, "त्या घरात मी एकटीच होते." मग हळूच विचारलं, "यांना काय म्हणालं रे ते?"

यादी पोरांची होती. तिच्यात तुमचं नाव नव्हतं. तुम्हाला त्यानं काय विचारलं असेल ते मला माहीत होतं. मी काकूंना सांगितलं, "ये, बस, म्हणालं." त्यांनी मान हलवली आणि पदरानं डोळे पुसले.

नाशिकच्या माणसाला फोन करून सांगितलं की मशीन देऊ शकत नाही. तो म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी त्याला बदल्यात माझ्या संग्रहातलं सगळ्यात पहिलं मशीन पाठवलं, ज्याला मी कधी कुणाला हातही लावू दिला नव्हता. त्यानं ठेवून घेतलं, पण ग्रुपवर आता माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. नियम तो नियम.

मशीन खिडकीजवळच्या टेबलावर आहे. सकाळी कार्यालयात जायच्या आधी मी ते चालू करतो, तारीख बरोबर टाकतो, आणि मग तुमच्या प्रोग्रामच्या यादीत तुमचं नाव घालायचं म्हणून बसतो. एका ओळीचं काम आहे, तुम्हीच शिकवलंय. म्हणजे पुन्हा कधी कुणी ते नाव टाकलं तर "तू कोण?" विचारलं जाणार नाही. हे पत्र काकूंना वाचून दाखवायचं होतं, पण त्यात मी त्यांच्याशी खोटं बोलल्याचं लिहिलंय, म्हणून ते इथंच राहील. आणि आणखी एक, सर. ती ओळ मी अजून घातलेली नाही. ती घालायची तर आधी हजेरीची फाइल बघावी लागेल असं काही नाही, पण हात आपोआप तिकडं जातो, आणि तिच्यात खाली नवीन काय उतरलं असेल ते बघायची मला भीती वाटते.