जो हजेरीवरच नाही

बाबा, काल आमच्या ऑफिसात फायर ड्रिल झालं. मी पिवळं जाकीट घालून कार पार्कमध्ये उभी, हातात यादी, आणि एकेकाचं नाव वाचतेय. सफाईला येणारी बाई यादीत नव्हती, कारण ती एजन्सीची. सगळी नावं झाल्यावर ती मॉप हातात घेऊन आरामात बाहेर आली. मी मॅनेजरकडे पाहिलं, तर तो म्हणाला, "शी इज नॉट वन ऑफ अवर्स." मला त्या माणसाची इतकी किळस आली की दुपारचं जेवण गेलं नाही. मग घरी येताना बसमध्ये तुमची आठवण आली, आणि खरं सांगायचं तर पाठोपाठ तुमचीही किळस आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती जायचं नाव घेत नाही.

तुम्ही खडकीला लष्कराच्या डेपोत कारकून होता. गणवेश नाही, बंदूक नाही, पट्टी नाही. पण आपल्याकडे डेपोतल्या कारकुनालाही लोक "मिलिटरीत आहेत" म्हणतात, आणि तो एक शब्द तुम्ही जिवापाड जपून इंग्लंडात आणलात. हाउन्सलोला घर घेतलंत, आई एअरपोर्टवर जेवणाचे ट्रे भरायला लागली, आणि तुम्ही बसने अर्ध्या तासावरच्या एका बराकीत स्टोअरकीपर म्हणून लागलात. तिथेही तुमच्या कार्डावर छापलं होतं सिव्हिलियन. पण मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की तुम्ही खांदे मागे घेऊन सांगायचात, "मी मिलिटरीत." घरात तर सिव्हिलियन ही शिवीच होती. मी रविवारी नऊपर्यंत झोपले की सिव्हिलियन, आईची पोळी वाकडी झाली की सिव्हिलियन, शेजाऱ्याने गवत कापलं नाही की तो बिचारा गोरा माणूसही सिव्हिलियन. रोज सकाळी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून तुम्ही बूट घासता, त्या पॉलिशचा वास माझ्या टोस्टला लागतो, आणि बूट घासून तुम्ही जाता कुठे, तर दुसऱ्यांच्या चादरी मोजायला. गेटवरचा शिपाई आता तुमचं कार्डसुद्धा बघत नाही, तोंड बघून सोडतो, याचं तुम्हाला केवढं कौतुक. आपल्याला ते आपलं समजतात, म्हणायचात. आणि ते गणवेशातलं वीस वर्षांचं पोरगं तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारायचं, आणि तुम्ही त्याला सर म्हणायचात.

आणि तो शब्द. डेपोतला तुमचा आवडता शब्द, कंडम. वापरातून बाद झालेला माल, तो कंडम. आपल्या घरात जुनी छत्री कंडम व्हायची, टीव्ही कंडम व्हायचा, कुणाचा गुडघासुद्धा कंडम व्हायचा. तो शब्द मुळात इंग्रजांचाच, तेव्हा त्यांना कळेलच, अशा भाबड्या विश्वासाने तुम्ही पहिल्याच आठवड्यात सार्जंटला सांगितलंत की मागच्या खोलीत दोनशे कंडम पडलेत, त्यांचं काय करायचं. ती होती ब्लँकेटं. त्याला काय ऐकू आलं ते कुठल्याही शाळकरी मुलाने सांगितलं असतं. मला हे कळलं पंधराव्या वर्षी, ख्रिसमसच्या पार्टीत. सैनिकांच्या बायकामुलांची पार्टी मोठ्या हॉलमध्ये आधी झाली होती. मग सिव्हिलियन स्टाफच्या कुटुंबांना किचनच्या मागच्या खोलीत बसवलं आणि उरलेले सँडविच आणून ठेवले, कडा वाळलेले. तुम्ही ते असे वाढत होता, जसं काही आपल्याच घरचं लग्न आहे. तेवढ्यात सार्जंट आला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "सो यू आर मिस्टर काँडम्स लिटल गर्ल." सगळे हसले. सगळ्यांत आधी तुम्ही हसलात. परत येताना मी बसमध्ये रडत होते आणि तुम्ही मला समजावत होता की अगं, मिलिटरीत प्रत्येकाला टोपणनाव असतं, ते प्रेमाने म्हणतात. त्या दिवसापासून ती बराक, तो सार्जंट, त्यांचा आवाज, सगळ्याचीच मला शिसारी बसली.

आता तो दिवस. मी अठरा वर्षांची, ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, हिवाळ्यातल्या सराव परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी. तो काळ आयरिश अतिरेक्यांच्या बॉम्बच्या धमक्यांचा होता, बॉम्ब लपवतील म्हणून स्टेशनवरची कचऱ्याची डबडीसुद्धा काढून टाकली होती. त्या सकाळी तुमच्या बराकीत फोनवर धमकी आली. सगळ्यांना मागच्या मैदानात नेलं, सैनिकांची रांग लावून तीन वेळा हजेरी घेतली. तुम्ही मागच्या खोलीत ब्लँकेट मोजत होता. गरम हवेचा पंखा एवढा घरघरत होता की तुम्हाला भोंगा ऐकू आला नाही. तासाभराने चहाला बाहेर आलात तर बराकीत चिटपाखरू नाही, आणि कुत्रं घेऊन आलेला एक शिपाई लांबून तुमच्यावर ओरडतोय. बॉम्बबिंब काही निघाला नाही. पण निघू शकला असता.

हे सगळं तुम्ही संध्याकाळी जेवताना सांगितलंत, तेही गंमत म्हणून. लीड्सचे डॉक्टरकाका एका इंटरव्ह्यूसाठी लंडनला आले होते, ते आपल्याकडे उतरले होते. त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, "अहो, पण तुम्हाला शोधायला कोणीच कसं आलं नाही?"

तुम्ही पोळीचा तुकडा मोडत म्हणालात, "मी त्यांच्या हजेरीवर नाही ना. जो हजेरीवरच नाही, तो गैरहजर कसा असेल?"

आणि हसलात. ते सँडविचच्या खोलीतलं हसू. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, "यू आर नॉट इन द मिलिटरी, बाबा. कधीच नव्हता. ते तुम्हाला काँडम म्हणतात आणि तुम्ही हसता. तुम्ही मेला असतात तरी त्यांनी ब्लँकेटं मोजली असती." डॉक्टरकाकांनी ताटात बघितलं. आईने पदर तोंडाला लावला. तुम्ही भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलंत. मला म्हणालात, "काकांना भात वाढ." त्यानंतर मंडळात तुम्ही कुणाला मिलिटरीत आहे असं सांगितलेलं मी ऐकलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचात, स्टोअरमध्ये आहे.

ही गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली आहे. नवऱ्याला, मैत्रिणींना, काल त्या मॅनेजरलाही सांगणार होते. गणवेशवाला हरवला तर शोधतात आणि साधा माणूस हरवला तर कुणाच्या खिजगणतीत नसतो, हे सांगताना माझा आवाज अजून चढतो. सांगते ते बहुतेक खरं आहे. मी मधला एक फोन तेवढा गाळते.

त्या सकाळी साडेदहाला फोन वाजला होता. बराकीच्या ऑफिसातली बाई. सिव्हिलियन स्टाफची वेगळी यादी होती तिच्याकडे, तुम्ही त्या यादीत होता, आणि मैदानात सापडत नव्हता. तिने घाईघाईत विचारलं की तुझे डॅड आज कामावर आलेत की घरी आहेत. तुम्हाला आदल्या दिवशी सर्दी झाली होती, आणि पहाटे शिफ्टला जाताना आई मला म्हणाली होती की बाबांना आज घरीच थांबायला सांग. मी ते सांगितलंच नव्हतं, कूस बदलून परत झोपले होते, आणि तुम्ही कामाला गेलात की नाही तेही मला माहीत नव्हतं. पण त्यांच्याशी एक शब्द जास्त बोलायची मला इतकी शिसारी होती की मी म्हणाले, "ही इज इल, ही इज इन बेड," आणि फोन ठेवला. मग त्यांनी शोधलं नाही. शोधतील कशाला.

जेवताना तुम्ही बोलायला लागलात तेव्हाच माझ्या लक्षात आलं तो फोन कसला होता. म्हणून मी तशी ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा. आणि सार्जंटने तुम्हाला दुपारीच सांगितलं असणार की तुझ्या मुलीने तू घरी आहेस म्हणून कळवलं, त्याशिवाय त्याची सुटका नव्हती. म्हणजे काकांनी विचारलं तेव्हा तुम्हाला खरं उत्तर माहीत होतं. तरीही पाहुण्यांसमोर तुम्ही स्वतःलाच हजेरीवरून काढलंत, आणि पुढे कधी, घरात दोघंच असतानाही, तो विषय काढला नाहीत.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे माहीत आहे म्हणूनच लिहिता येतंय. तुम्ही समोर असता तर आजही मी सार्जंटलाच शिव्या घातल्या असत्या. बाबा, फोन खाली पॅसेजमध्ये होता, तुमची खोली वर होती. मध्ये अकरा पायऱ्या.

मी वर जाऊन बघितलं नाही.