माझ्यासाठी विमान फिरवू नकोस

प्रिय उल्का,

मोरगावच्या पुढे विमान एकदम खाली गेलं आणि मी उजव्या पायाने ब्रेक दाबला, त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. बाइकवर वीस वर्षांची सवय असल्यासारखा दाबला. शिकाऊ विमानात शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही विमान वळवणारी खरी पेडलं असतात, हे तू बसताना सांगितलं होतंस; मी तेव्हा तुझ्या गॉगलकडे बघत होतो. विमानाचं नाक उजवीकडे फिरलं, तू ओरडलीस, "पाय काढ, मूर्खा! पाय!" आणि मला खात्री पटली की आपण मेलो.

तू मात्र विमानाचा वेग कमी केलास. प्रत्येक धक्क्याशी भांडली नाहीस, नुसते पंख सरळ धरलेस आणि हवा नेईल तसं त्याला वरखाली होऊ दिलंस. "पट्टा आवळ. खाली नको, लांब क्षितिजाकडे बघ. दुपारी शेतं तापतात, हवा वर उसळते. मोठ्या विमानाला कळतही नाही. हे हलकं आहे, म्हणून नाचतं. नाचतं म्हणजे मोडत नाही." मी सकाळची मिसळ कागदी पिशवीत परत केली. तू शांतपणे विचारलंस, "रस्सा दोनदा घेतला होतास ना?" मग जेजुरीचा गड न दाखवताच तू विमान बारामतीला परत नेलंस. माझ्यासाठी.

खाली उतरल्यावर मी सगळ्यांदेखत म्हणालो की तुला विमान चालवता येत नाही. त्यावर तू एवढंच म्हणालीस, "मी तुझ्यासारखं कॉलेज अर्धवट सोडलेलं नाही, सलिल." मी तसाच तरातरा एसटीत जाऊन बसलो.

तेव्हापासून भीती इथे सदाशिव पेठेत माझ्या खोलीवर राहायला आली आहे. पंखा जरा डुगडुगला की कॉटची कड धरतो. मार्केट यार्डात फुलांच्या गाळ्यावर काम करताना हमालाने पोतं टाकलं तरी कमरेशी पट्टा चाचपतो, काल शेवंतीचं वजन दोनदा चुकलो, शेठ म्हणाले, "अहो पायलट, जमिनीवर या." माझ्यासोबत खोलीत राहणारा केयूर तर रोज दारातूनच हात जोडतो. "उल्का नावाच्या मुलीच्या विमानात बसलास? धन्य आहेस."

आणि काल तुझा मेसेज आला. "उद्या सकाळी बाबांना नेतेय. मागची सीट रिकामी आहे. आलास तर उतरल्यावर बाबांना आपलं सांगेन. नाही आलास, तर सांगण्यासारखं काही उरत नाही."

मी येतोय. तू सकाळची वेळ घेतलीस ती हवा शांत असते म्हणून, हे मला कळलं, तरी भीती जात नाही. अक्षर बघतेसच. हे पत्र चढायच्या आधी तुझ्या हातात देईन, कारण तुझ्या बाबांसमोर मला बोलता येणार नाही, आणि वर गेल्यावर माझ्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नाही. मी ओकेन, रडेन, 'परत फिरव' म्हणून ओरडेन. ते माझं म्हणणं धरू नकोस. माझं म्हणणं हे आहे: हवेसाठी फिरवावं लागलं तर फिरव, माझ्यासाठी नको. मला जेजुरीपर्यंत ने. बाबा मला काय समजायचं ते समजू देत.

स्वारगेटहून पहिली गाडी पकडायची आहे. खोलीची किल्ली मुद्दाम आत टेबलावर ठेवली आहे. जिन्यातून मागे फिरलो, तर केयूरला उठवावं लागेल, आणि त्याची बडबड ऐकण्यापेक्षा तुझं विमान परवडलं. निघालो. दार ओढून घेतो.

घाबरलेला, तरी तुझाच,
सलिल