गिरानाचं कापड

आये, परवा आमच्या क्लबात तुझी नक्कल झाली. करणाऱ्याला तू माहीत नव्हतीस, तुझी मुलगी दुसऱ्या रांगेत बसली आहे हेही माहीत नव्हतं, तेव्हा त्याच्यावर रागावण्यात काही अर्थ नाही. तरी मी रागावले आहे. आमचा सेवा क्लब म्हणजे बदलापुरातली नोकरीधंद्यातून मोकळी झालेली मंडळी. वह्या वाटतो, डोळे तपासून देतो, फोटो काढतो. येत्या आषाढी अवसेला सूर्यग्रहण आहे, म्हणून व्याख्यान ठेवलं होतं. वक्ता तरुण होता. चेंडू आणि टॉर्च घेऊन सावली कशी पडते ते त्यानं दाखवलं. मी जन्मभर वर्गात हेच दाखवत आले, तरी मन लावून ऐकलं. आषाढात बदलापुरातून सूर्य दिसणार तरी कुठून, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मग लहानपणीच्या ग्रहणांच्या आठवणी निघाल्या. एक निवृत्त बँकवाले उठले, रुमाल झोळीसारखा धरला आणि आवाज चिरका करून ओरडले, ‘‘दे दान, सुटे गिरान!’’ पुन्हा हशा. ग्रहणात दारोदार दान मागणारीची ती हाक, म्हणजे तुझीच.

तुझा आवाज असा चिरका नव्हता. मी सातवीत आहे, भर दुपार आहे आणि अंबरनाथच्या गल्ल्या ओस पडल्या आहेत. शिवमंदिराकडच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. उजेड पाणी घातलेल्या ताकासारखा पातळ झालाय. दारं बंद, आत हंड्यांवर तुळशीची पानं ठेवून लोक ग्रहण सुटायची वाट बघतायत. तू पुढे, मी मागे. तू हाक देतेस, दार वीतभर उघडतं, एक हात बाहेर येतो. जुनं लुगडं, पसाभर तांदूळ, कधी नाणं, सगळं वरून झोळीत पडतं आणि दार लागतं. हाताला हात लागत नाही. त्या दानाबरोबर घरातली पीडा बाहेर जाते असं देणारे मानत, आणि ती कुणाच्या झोळीत जाते हे तुलाही ठाऊक होतं. मी मान खाली घालून चालत होते. तू वळून म्हणालीस, ‘‘लाजतीस कशापायी? ते निस्तं देत्यात. सूर्याला सोडवतो आपुन.’’ तेव्हा तू मला त्या सगळ्या बंद घरांपेक्षा उंच वाटली होतीस. पण भीती तुलाही होती. गिरानाचं कापड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, हा तुझा नेम. नदीवर मिठाच्या पाण्यात बुडवायचं, ऊन दाखवायचं, मग घरात. तोवर झोळी बाहेरच्या खुंटीला.

त्या दिवशी झोळीत एक पिवळा फ्रॉक आला होता, जवळजवळ नवा. ग्रहण सुटलं, तू आंघोळीला गेलीस, तेवढ्यात धाकटीनं तो ओढून काढून अंगात घातला आणि दारात गिरक्या घेत राहिली. तू ओल्या केसांनी बाहेर आलीस. तू तिच्यावर ओरडली नाहीस, त्याचीच मला भीती वाटली. फ्रॉक हळूच तिच्या अंगातून काढलास आणि त्या रात्री जेवली नाहीस. थोड्याच दिवसांत तिला ताप भरला. वस्तीत आणखीही मुलं तापानं पडली होती. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आलाय. ती गेली. तू झोळी चुलीत घातलीस आणि नंतरच्या प्रत्येक ग्रहणात दार लावून बसलीस. मी शिक्षिका झाले तेव्हा एकदा मोठ्या हुशारीनं तुला सांगू लागले की तो पाण्याचाच ताप होता. तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, ‘‘पोरास्नी शिकव खरं काय ते. मला नको सांगूस.’’ मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. पाणीसुद्धा तूच भरून आणत होतीस, हे फार उशिरा माझ्या ध्यानात आलं.

आता ऐक, परवा पुढे काय झालं ते. अध्यक्षांना कल्पना सुचली. ग्रहणात लोक घरात बसतात ना, मग आपण मुद्दाम बाहेर पडू. बारवी धरणाकडच्या पाड्यांवर जाऊ, ग्रहण बघायचे चष्मे देऊ आणि कपडे वाटू. उल्हासनगरचे एक कापडवाले सभासद लगेच म्हणाले, ‘‘बच्चियों के फ्रॉक मेरी तरफ से. नया माल, एक भी पीस सेकंड नहीं.’’ टाळ्या पडल्या. मी उठून म्हटलं, कपडे दुसऱ्या दिवशी देऊ या. का, ते मला सांगता आलं नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही सायन्सच्या, आणि तुम्हीच?’’ मी बसले. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना ग्रहणाच्या दिवशी दारात आलेलं कापड म्हणजे काय ते पक्कं माहीत असतं, आये. तरी घेतील, कारण नातीला अंगात घालायला हवंय. मग पावसाळ्यात कुठल्यातरी पोरीला ताप येईल. दरवर्षी कुणाला ना कुणाला येतोच. डॉक्टर पाणी म्हणतील आणि घरातली एक बाई मान हलवून गप्प होईल, ती मरेपर्यंत. फ्रॉकनं कुणी मरत नाही हे मी शपथेवर सांगेन. पण तुझी पुढची सगळी वर्षं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

उद्या क्लबाची मीटिंग आहे. हे सगळं सांगायचं तर आधी ती हाक कुणाची होती ते सांगावं लागेल. आरशासमोर वाक्य जुळवते, ‘‘ती माझी आई’’ इथपर्यंत येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आमच्या घरचं तिथं कुणाला काही माहीत नाही, मी कधी कळू दिलं नाही. दरम्यान कापडवाल्यांचा माणूस आज हेंद्रेपाड्याला माझ्या घरी येऊन फ्रॉकचं गाठोडं देऊन गेला, ग्रहणापर्यंत माझ्याकडे ठेवायला. प्लास्टिकमधून वरचाच फ्रॉक दिसतोय, पिवळा. मी ते जिन्यात ठेवून घेतलं. संध्याकाळी शेजारीण विचारत होती, एवढं नवं सामान बाहेर का टाकलंत? घरात जागा नाही, असं मी तिला सांगितलं.

जागा पुष्कळ आहे, आये. मुलगा नोकरीसाठी परगावी गेल्यापासून एक खोली रिकामीच आहे.