डावा खांदा

प्रिय दामियान,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. तुझी आई म्हणाली, "पोराला शिव्या देऊ नका हं, त्याला पोलिसातल्या ड्युटीचा ताप काय कमी आहे?" नाही देत. तुझ्या शाळेतल्या नेलिदाबाई अजून दवाखान्यातच आहेत. कवटीला तडा गेलाय. काल एक डोळा उघडला, पण मला ओळखलं नाही. पोरंबाळं नाहीत बिचारीला, म्हणून उशाशी मी आणि तुझी आई आळीपाळीने बसतो. त्यांच्यावर लाठी कुणी चालवली ते कुणालाच सांगता येत नाही. सगळ्या पोलिसांच्या डोक्यावर हेल्मेट आणि तोंडावर काच. गुरुवारी न्यायाधीशबाईंनी मला साक्षीला बोलावलंय. सगळ्यांत जवळ मीच होतो ना.

तू आईला सांगितलंस, लाठी चालली त्या बुधवारी तुझी ड्युटी विमानतळावर होती. म्हणजे तुला काहीच माहीत नसणार. मग ऐक.

दर बुधवारी आम्ही म्हातारे संसदेभोवती चक्कर मारतो, त्याला तू "बाबांचा व्यायाम" म्हणून हसायचास. आम्हाला काय हौस आलीय? मंत्री टीव्हीवर छाती फुगवून सांगतो, सरकारची तूट शून्यावर आणली. आणली की! पण चिमटा काढला कुणाच्या पोटाला? पेन्शन गोठवलं, फुकट मिळायची ती औषधं बंद केली. रक्तदाबाची गोळी मी अर्धी करून खातो. नेलिदाबाईंनी तर निम्मी औषधं सोडूनच दिली, आणि वर मला म्हणतात कशा, "ओस्वाल्दो, तूट शून्य झाली. आता तेवढे आपण शून्य झालो की काम फत्ते." जीभ अशी तिखट, की मंत्र्याने समोर येऊन दाखवावं.

पहिलीच्या वर्गातल्या त्या तुला आठवतात ना? तू डाव्या हाताने लिहायचास. मुख्याध्यापिका म्हणाली, हात बांधून ठेवा, सवय मोडेल. तेव्हा नेलिदाबाई तिच्या अंगावर धावून गेल्या होत्या, "माझ्या वर्गात कुठल्याही पोराचा हात बांधायचा नाही!" पुढे क्लबात मी तुला बॉक्सिंग शिकवायला घेतलं तेव्हा त्या हाताचं मी सोनं केलं. फक्त एक खोड गेली नाही. डावा ठोसा मारायच्या आधी तुझा खांदा खाली जायचा आणि नाकातून बैलासारखा फुसकारा यायचा. "अरे गाढवा, समोरच्याला आमंत्रण देतोस का?" म्हणून ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. सरावाला समोर मीच असायचो, आणि खांदा खाली गेला की मी वाकायचो. तुझा तो ठोसा मला कधीच लागला नाही.

त्या बुधवारी आम्हाला सांभाळायला फुटबॉल क्लबांची चाहती पोरं आली होती. रविवारी एकमेकांची डोकी फोडणारी दोन क्लबांची टोळकी हातात हात घालून उभी. "आजोबा, तुम्ही मधून चाला, कुणी हात तर लावू दे!" फूटपाथवरून खाली उतरायचं नाही असा पोलिसांचा हुकूम. एवढी माणसं फूटपाथवर मावणार कशी? एका म्हाताऱ्याचा पाय रस्त्यावर पडला आणि पोलीस तुटून पडले. रबरी गोळीने आमच्यातल्या रुबेनचा गाल फाटला, बाहेरून दाढा दिसत होत्या. एका पोराला केसांना धरून फरफटत नेलं आणि तिघांनी बरगड्यांत लाथा घातल्या, त्याचं ओरडणं थांबलं तरी घालतच होते. मीही काही संत नाही. एका पोलिसाला असा ठोसा ठेवून दिला की त्याची काच तडकली आणि माझी दोन बोटं मोडली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. नेलिदाबाई माझा पट्टा धरून मागे होत्या. अश्रुधुराने त्यांना काही दिसत नव्हतं, नुसत्या खोकत होत्या आणि शिव्या घालत होत्या.

एवढ्यात धुरातून एक जण थेट माझ्यावर आला. लाठी डाव्या हातात. ती वर जायच्या आधी त्याचा खांदा खाली गेला, आणि नाकातून तो फुसकारा ऐकू आला. पोरा, डोक्याने काही ठरवायच्या आत माझं अंग वाकलं. मागे नेलिदाबाई होत्या. भोपळा फरशीवर आपटावा तसा आवाज झाला. त्यांचं रक्त माझ्या मानेवर उडालं, गरम. मी वर पाहिलं. लाठी पुन्हा उठली होती, ती तशीच राहिली. मग तू पळालास.

माझ्या डोक्यावर तू दिलेली लाल टोपी होती. ती तुला आधी दिसली होती का, हे मी विचारणार नाही. उत्तराची भीती वाटते. तुझ्या आईला मी अजून काही बोललेलो नाही. ती तुझ्या विमानतळावर विश्वास ठेवून बसलीय आणि दर रविवारी तुझं ताट मांडते. पण न्यायाधीशबाईंनी विचारलं की मी तुझं नाव सांगणार. त्याआधी तू स्वतः जाऊन सांग, एवढ्यासाठी हे लिहिलं. आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी न्यायालयाच्या दाराशी उभा असेन. हेल्मेट काढून ये. आत तुलाच जावं लागेल, तुझ्या वाट्याचा मार मला खाता येणार नाही. पण बाहेर बाकावर मी बसलेला असेन, टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन, तुझ्या पहिल्या लढतीला रिंगच्या कोपऱ्याशी बसलो होतो तसा. तुझ्या कोपऱ्यात.

तुझाच,
बाप